घरी शुगर तपासायची कशी: मशीन आणल्या दिवसापासून काय काय करायचं

आईला शुगर निघाली तेव्हा आम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ग्लुकोमीटर घेऊन आलो, डबीतलं पत्रक उघडलं तर अक्षर इतकं बारीक की आईला तर सोडाच मलाही वाचता येईना, मग दुकानातल्या मुलाने दोन मिनिटांत जे दाखवलं होतं तेवढ्यावरच आमचे पहिले सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत किती आकडे चुकीचे आले आणि त्या आकड्यांवरून आम्ही आईच्या ताटातलं काय काय काढलं हे आठवलं की अजूनही वाईट वाटतं. नंतर लक्षात आलं की मशीन चांगलंच होतं, गडबड जवळजवळ प्रत्येक वेळी हातात नाहीतर पट्टीत होती. आता पाच वर्षं झाली, घरातल्या आणि शेजारच्या बऱ्याच जणांना मी हे शिकवलंय, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच सांगते, घरच्या मशीनवर शुगर "आहे की नाही" ठरवायचं नसतं. ते लॅबमध्येच ठरतं, उपाशीपोटी १२६ किंवा वर, नाहीतर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी सांगणारी लॅबची रक्ततपासणी) ६.५ किंवा वर, आणि तेही बहुतेक वेळा दुसऱ्यांदा तपासून. घरचं मशीन निदान झाल्यानंतर रोजचं कसं चाललंय ते बघायला.

१) सामान जमवा

- ग्लुकोमीटर
- त्याच मॉडेलच्या पट्ट्या (एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या पट्ट्या वेगळ्या असतात, डबीवरचं नाव मशीनवरच्या नावाशी जुळवून बघा)
- टोचायचं पेन आणि लॅन्सेट म्हणजे त्यातल्या बारीक सुया
- साबण, कोरडा स्वच्छ नॅपकिन, थोडा कापूस
- वही आणि पेन, मोबाईलमध्ये लिहीत असाल तरी वही ठेवा
- साधी, फ्लेवर नसलेली ग्लुकोज पावडर
- झाकणाची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली, वापरलेल्या सुयांसाठी
- कागद: डॉक्टरांची चिठ्ठी, लॅबचा शेवटचा रिपोर्ट, मशीनचं बिल आणि वॉरंटी कार्ड. बिल फाईलला लावून ठेवा, मशीन बिघडलं तर बदलून घेताना पहिल्यांदा तेच मागतात

मशीन घेताना लोक मशीनची किंमत बघतात. बघायची पट्टीची. मशीन एकदाच घ्यायचं असतं, कधीकधी पट्ट्यांबरोबर फुकटही मिळतं, पण पट्ट्या दर महिन्याला लागतात आणि खरा खर्च तिथे होतो. त्यामुळे आधी विचारा की ५० पट्ट्यांची डबी केवढ्याला आणि आपल्या गावातल्या मेडिकलमध्ये ती कायम मिळते का. ऑनलाईन स्वस्त म्हणून घेतलं आणि ऐनवेळी पट्ट्या संपल्या तर जवळ कुठेच मिळत नाहीत असं आमच्या एका शेजारच्या काकांचं झालं. आणखी एक, खोक्यावर आयएसओ १५१९७ लिहिलंय का बघा, तो ग्लुकोमीटरच्या अचूकपणाचा मापदंड आहे. म्हाताऱ्या माणसासाठी घेत असाल तर स्क्रीन मोठी, आकडा ठळक आणि पट्टी धरायला जाडसर असलेली घ्या, बोटं थरथरतात तेव्हा अगदी चिंचोळी पट्टी खाचेत घालणं फार त्रासाचं होतं.

२) मशीन लावून घ्या

तारीख आणि वेळ पहिल्याच दिवशी नीट लावा. आम्ही लावली नव्हती, डॉक्टरांनी मशीनमधलं रेकॉर्ड बघायला घेतलं तर सकाळचे आकडे रात्रीचे दिसत होते आणि सगळं रेकॉर्ड वाया गेलं. जुन्या मशीनमध्ये पट्टीच्या डबीवरचा कोड जुळवावा लागतो, नवीन बहुतेक मशीनना कोड लागत नाही.

एकक एमजी/डीएल आहे ना बघा. आपल्याकडे तेच चालतं, पण मुलाने लंडनहून मशीन आणलं असेल तर त्यात मिलीमोल असतं आणि ७.२ असा आकडा दिसतो. घाबरू नका, १८ ने गुणा, ७.२ म्हणजे साधारण १३०.

३) पट्ट्या जपा

पट्टीवर एक रसायन असतं, रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया होते आणि त्यातून जो बारीकसा करंट येतो तो मशीन मोजतं. ते रसायन ओलाव्याने आणि उन्हाने खराब होतं, बाहेरून पट्टी अगदी नवी दिसते आणि आकडा मात्र चुकीचा. म्हणून पट्टी काढली की लगेच झाकण घट्ट लावायचं, पट्ट्या दुसऱ्या डबीत किंवा कागदात बांधून ठेवायच्या नाहीत, झाकणात ओलावा शोषणारं औषध असतं म्हणून ती मूळ डबी. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढली की आत दव धरतं.

आम्ही नागपूरचे, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. बहुतेक पट्ट्या ३० डिग्रीच्या आत ठेवायला सांगतात आणि बरीच मशीन ४० च्या वर चालतच नाहीत, स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र येतं. स्कूटरच्या डिकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर डबी अजिबात ठेवू नका. आणि विदर्भातल्यांसाठी खास, कूलरच्या समोरच्या टेबलावर ठेवू नका, थंड वाटतं पण ती हवा दमट असते, आमची एक अख्खी डबी मे महिन्यात तशीच गेली. मातीच्या भिंतीतलं किंवा आतल्या खोलीतलं कपाट बरं. कोकणातल्यांनी पावसाळ्यात हीच काळजी घ्या.

डबी उघडली की त्यावर तारीख लिहा. छापलेली एक्सपायरी बंद डबीची असते, उघडल्यावर काही पट्ट्या ३ महिने चालतात काही ६, ते डबीवर बारीक अक्षरात दिलेलं असतं. महिन्यातून चारदाच तपासत असाल तर ५० ची डबी घेऊ नका, २५ ची घ्या.

४) हात धुवा, खरंच धुवा

हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आईने दुपारी नातवंडांना संत्री सोलून दिली आणि हात पदराला पुसून शुगर बघितली. आकडा आला ३१८. घरात सगळे हादरले, भाऊ तर गाडी काढायला निघाला. आई म्हणत होती, "मी तं एक फोडही तोंडात नाही टाकली." ती खरं सांगत होती आणि आम्ही तिच्यावर विश्वास ठेवत नव्हतो. मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, हात धुतले होते का. साबणाने हात धुवून परत बघितलं तर १४६.

बोटाला लागलेला संत्र्याचा, आंब्याचा, केळ्याचा रस डोळ्याला दिसत नाही, पण थेंब एवढासा असतो की त्यात तेवढी साखरही खूप होते. त्या दिवशी आई इन्सुलिनवर असती आणि आम्ही ३१८ बघून जास्तीचं युनिट दिलं असतं तर काय झालं असतं ह्याचा विचार करवत नाही.

तर साबण आणि पाणी, शक्यतो कोमट, आणि मग पूर्ण कोरडे करायचे कारण ओल्या बोटावर थेंब पसरतो आणि पातळ होतो. स्पिरिटच्या कापसाने पुसणार असाल तर ते पूर्ण वाळू द्या. नुसतं स्पिरिट लावून फळाचा रस नीट निघत नाही आणि रोज लावून बोटांची कातडी कोरडी पडते, घरी साबणच चांगला. प्रवासात पाणी नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका आणि दुसरा घ्या.

५) टोचायचं कसं

पट्टी आधी मशीनमध्ये घाला, थेंबाचं चिन्ह येऊ द्या, मग टोचा. उलटं केलं तर थेंब वाळतो आणि परत टोचावं लागतं.

बोटाच्या मधोमध टोचू नका, तिथे नसा जास्त असतात आणि नंतर दिवसभर भांडी घासताना, भाजी चिरताना दुखतं. कडेला टोचा, नखाच्या बाजूला पण नखाला अगदी खेटून नको. अंगठा आणि पहिलं बोट शक्यतो सोडा, सगळ्या कामाला तीच लागतात. रोज बोट बदला.

पेनवर खोलीचे आकडे असतात, १ किंवा २ पासून सुरू करा आणि रक्त आलं नाही तरच वाढवा. आईचे हात कामाचे, कातडी जाड, तिला ४ लागतं, माझ्या मुलीला गंमत म्हणून बघायचं होतं तर तिला १ वर आलं. (मुलीसाठी सुई नवीन घेतली आणि पेनही वेगळं. एकाचं पेन दुसऱ्याला, अगदी नवराबायकोतही, वापरू नका, सुई बदलली तरी नको, हिपॅटायटिस बी असाच पसरल्याच्या नोंदी आहेत.) सुई प्रत्येक वेळी नवीन घ्यायची असं सांगतात ते बरोबर आहे, जुनी सुई बोथट होते आणि जास्त दुखतं.

रक्त येत नसेल तर बोट दाबून पिळू नका. ही चूक सगळेच करतात. पिळलं की रक्ताबरोबर आजूबाजूचं पाणी येतं आणि आकडा बिघडतो. त्याऐवजी टोचायच्या आधी हात मिनिटभर खाली सोडा, झटका, कोमट पाण्यात धरा, तळव्याकडून बोटाकडे हळू चोळत या. थंडीत हे लागतंच.

थेंब पट्टीच्या टोकाला नुसता टेकवा, पट्टी स्वतः ओढून घेते. वरून लावू नका, चोळू नका, कमी पडला म्हणून दुसरा थेंब वर टाकू नका (काही पट्ट्यांत चालतं, बहुतेकांत नाही). एरर आली तर ती पट्टी गेली, दुसरी घ्या. पट्टी वाया गेल्याचं वाईट वाटतं मला माहीत आहे, पण अर्धवट भरलेल्या पट्टीचा आकडा धरून चालणं जास्त वाईट.

६) कधी तपासायचं

हे डॉक्टरांना विचारा, कारण प्रत्येकाचं वेगळं. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्याला रोज तीन-चारदा लागतं, नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेल्या आणि शुगर स्थिर असलेल्या माणसाला रोज टोचून घ्यायची गरज बहुतेक वेळा नसते. गरोदर बाईचं वेळापत्रकही वेगळं आणि आकडेही जास्त कडक.

बहुतेक घरांत फक्त सकाळची उपाशीपोटीची बघतात. आम्हीही तेच करत होतो. त्याने अर्धंच कळतं. मला सगळ्यात उपयोगी पडली ती जोडी: जेवायच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी एकदा. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, जेवून हात धुतल्यापासून नाही. अशी जोडी आठवड्यातून दोन-तीन वेळाच करा पण प्रत्येक वेळी वेगळं जेवण घ्या. आईला संकष्टीला साबुदाणा खिचडी लागायची, उपवासाचं म्हणजे हलकं असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. आधी १२१, दोन तासांनी २४४. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि वरण खाल्लं त्या दिवशी ११८ वरून १६०. पोह्यांचं असं झालं की भरपूर मटार-शेंगदाणे घालून वाटीभर खाल्ले तर ठीक आणि दोन वाट्या झाले की २०० पार. हे आईच्या शरीराचं झालं, तुमचं वेगळं येईल, म्हणूनच स्वतः बघायचं. आईला "साबुदाणा खाऊ नको" असं मी वर्षभर सांगत होते आणि ती ऐकत नव्हती, स्वतःच्या हाताने २४४ बघितला आणि पुढच्या चतुर्थीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली, तीही थोडीच.

आता सकाळच्या आकड्याबद्दल. रात्री झोपताना १३० आणि सकाळी उठल्यावर १६०, मधे काही खाल्लं नाही तरी असं येऊ शकतं. पहाटे शरीर काही हॉर्मोन सोडतं आणि लिव्हर रक्तात साखर सोडतं. आम्हाला हे माहीत नव्हतं, आम्ही समजलो रात्रीचं जेवण जास्त होतंय, आणि आईच्या रात्रीच्या दोन पोळ्यांची एक केली, मग तीही बंद करून नुसती भाजी. तिला रात्री घाम फुटून जाग यायला लागली. एकदा ३ वाजता तिने मला उठवलं, मी तपासलं तर ६२. ती ग्लिमेपिराईडची गोळी घेत होती, ही गोळी पोट रिकामं असलं तरी शुगर खाली आणते, आणि पोटात काही नव्हतं. तर सकाळचा आकडा जास्त येतोय म्हणून स्वतःच्या मनाने जेवण तोडू नका, गोळी वाढवू नका. दोन-तीन दिवस पहाटे ३ ला उठून एकदा तपासा आणि ते आकडे डॉक्टरांना दाखवा, त्यांना लगेच कळतं.

ताप असेल, जुलाब असतील, स्टिरॉईड चालू केलं असेल तर नेहमीपेक्षा जास्त वेळा बघा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईडसारखी गोळी घेऊन लांब गाडी चालवणार असाल तर निघायच्या आधी नक्की.

७) आकडा आला, आता काय

साधारण मधुमेह असलेल्या मोठ्या माणसाला डॉक्टर जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत ठेवायला सांगतात. खूप वय झालेल्या, किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला ह्यापेक्षा सैल आकडे देतात आणि ते योग्यच असतं, शेजारच्याच्या आकड्याशी स्पर्धा नको. तुमचे आकडे डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

७० च्या खाली आलं तर थांबायचं नाही. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं. १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी, म्हणजे ३-४ चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून. १५ मिनिटांनी परत तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. वर आली की पोळी, बिस्किट, दूध काहीतरी खा म्हणजे परत घसरणार नाही. चॉकलेट, पेढा देऊ नका, त्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते. आणि जे व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेतात त्यांनी घरात ग्लुकोज पावडरच ठेवा, कारण ही औषधं साध्या साखरेचं पचन लांबवतात. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर काहीच घालू नका, श्वासनळीत जाईल, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

लक्षणं आहेत पण मशीन जवळ नाही, तर आधी साखर खा, मशीन मग शोधा.

वरच्या बाजूला, एखादा २२० आला म्हणून धावपळ नको, हात धुवून परत बघा, काय खाल्लं ते लिहा. २५० च्या वर सारखं येत असेल तर डॉक्टरांना कळवा. त्याबरोबर उलट्या, पोटात दुखणं, धाप, सुस्ती असेल तर थांबू नका, दवाखान्यात जा, टाईप १ असलेल्यांनी (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) तर कीटोनची पट्टीही घरी ठेवा, इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारं कीटोन त्यावर कळतं. स्क्रीनवर आकड्याऐवजी "हाय" आलं तर बहुतेक मशीनमध्ये त्याचा अर्थ ६०० च्या वर, म्हणजे मशीनची मर्यादा संपली. हात धुवून एकदा परत, तेच आलं तर थेट हॉस्पिटल.

८) लॅबशी जुळत नाही म्हणून मशीन फेकू नका

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. खोक्यावरच्या त्या आयएसओ मापदंडानुसार १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे चालतं. लॅबने १६० सांगितलं तर मशीनवर १३६ ते १८४ मधलं काहीही बरोबरच आहे. तुलना करायची तर उपाशीपोटी करा, लॅबवाला रक्त काढतोय त्याच वेळी, पाच मिनिटांच्या आत, बोटाचं तपासा. जेवणानंतर तुलना करू नका, तेव्हा बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा मुळातच जास्त असते. हिमोग्लोबिन कमी असेल तर बऱ्याच मशीनवर आकडा जास्त दिसतो, आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन कमी असणं किती कॉमन आहे हे सांगायला नको, तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि लॅबची एचबीए१सी तीन महिन्यांची सरासरी सांगते, ७ म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास. घरचे आकडे सगळे १२० आणि एचबीए१सी साडेआठ असेल तर बहुतेक वेळा तुम्ही जेवणानंतरचं तपासतच नाही आहात असं समजा.

९) वही

एका ओळीत पाच गोष्टी: तारीख, वेळ, आकडा, काय खाल्लं, गोळी किंवा इन्सुलिन किती. सहावी असली तर "लग्नाला गेलो", "रात्री झोप नाही", "चाललो ४ किमी" असं काहीही. खराब आकडे लपवू नका. आई पहिल्यांदा २४४ खोडून १४४ करायला लागली होती, डॉक्टर रागावतील म्हणून. तिला मी समजावलं की डॉक्टर त्या आकड्यावरून औषध ठरवतात, खोटा आकडा लिहिला तर औषधही चुकीचंच मिळेल. ३ वाजताचे ६२ आणि ६६ वहीत होते म्हणूनच डॉक्टरांनी तिची गोळी अर्धी केली आणि रात्रीची पोळी परत सुरू करायला सांगितली. त्या रात्री ती किती दिवसांनी पोटभर जेवली.

दाखवायला जाताना वही, मशीन, औषधांची पाकिटं आणि शेवटचे रिपोर्ट, चारही न्या. विमानाने जात असाल तर मशीन, सुया, इन्सुलिन हातातल्या बॅगेत आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत.

१०) वापरलेल्या सुया

ओल्या-सुक्या कचऱ्यात सुटी सुई टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हाताला लागते. जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर मार्करने "वापरलेल्या सुया" असं मराठीत मोठं लिहा. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत घरातल्या सुया घातक कचऱ्यात धरल्या होत्या, म्हणजे वेगळ्याच द्यायच्या. घंटागाडीवाल्या दादांच्या हातात देताना तोंडाने सांगा की ह्यात सुया आहेत. आमचे डॉक्टर भरलेली बाटली दवाखान्यातच ठेवून घेतात, तुमच्याही डॉक्टरांना विचारून बघा.